शे छाप पंप

कुणी माझ्यासमोर सरकारी गोदामांच्या शिस्तीचं कौतुक करायला लागलं, की मी पान आणायचं निमित्त काढून उठतो. बसून राहिलो तर तोंडातून काहीतरी वेडंवाकडं जाईल अशी भीती वाटते. शिपायांबद्दल माझी तक्रार नाही, ती माणसं सोन्यासारखी. माझं भांडण आहे ते पंख्याखाली बसून ‘मंजूर-नामंजूर’ करणाऱ्यांशी, आणि ते भांडण खरं तर माझं नाहीच. ते दोधूनाना मिस्तरींचं आहे. नाना कामावरून अख्ख्या गावाशी भांडत. स्वतःवर अन्याय झाला तेव्हा मात्र ते गप्प बसले, म्हणून ते काम मी माझ्याकडे घेतलं.

स्वातंत्र्यानंतरची ती पहिलीच वर्षं. मी धुळ्याच्या एका हायस्कुलात ड्रॉइंग शिकवत होतो आणि आग्रा रोडला लागून एका खोलीत राहत होतो. खोलीची मागची भिंत आणि नानांच्या वर्कशॉपची पुढची भिंत एकच. वर्कशॉप म्हणजे काय, पत्र्याची शेड, एक भट्टी, एक म्हातारा लेथ आणि अंगणात फुटक्या बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, ढीग. नाना मूळचे पारोळ्याकडचे. जळगावच्या जिनांमध्ये फिटर म्हणून त्यांची उमेदीची वर्षं गेली. कापसाचे जिन मोडीत निघाले की त्यांचं बीड गाडीत घालून आणायचं, वितळवायचं आणि त्यातून दुसऱ्या कशाचा तरी भाग ओतायचा, हा त्यांचा धंदा. आग्रा रोडवर ट्रक बंद पडायचे आणि नानांची चूल पेटायची.

अंगाने काटकुळे, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, कानावर खडू. डोक्यावरच्या टोपीचा मूळ रंग फक्त अक्कालाच ठाऊक असावा. अक्का ही त्यांची थोरली विधवा बहीण. ती घर चालवायची आणि माझा संशय आहे की वर्कशॉपही तीच चालवायची. नानांना सगळे ओळखत ते एका शब्दावरून. कुणीही दारात येऊन विचारावं, “नाना, अमक्या गाडीचा ढमका पार्ट शे का?” नाना मान वर न करता म्हणत, “शे.” आमच्या खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, अहिराणीत शे म्हणजे आहे. बहुतेक वेळा तो पार्ट नसायचाच. पण गिऱ्हाईक चहा पिऊन परत येईपर्यंत, किंवा फार तर दुसऱ्या दिवशी, तो असायचा. पार्ट मागायला जाऊन नानांच्या तोंडून ‘नही’ ऐकलेला माणूस धुळ्यात मला भेटला नाही.

दुसरा एक शब्द मात्र त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती, तो म्हणजे ‘चालतंय’. एकदा एका मोटारमालकाने घाईत म्हटलं, “नाना, थोडं वाकडं आहे, पण चालतंय.” नानांनी तो पार्ट त्याच्या हातातून काढून घेतला. “चालस? गाढव बी चालस. घरी जा, उद्या ये.” त्या मालकाचा ट्रक एक दिवस रस्त्यावर उभा राहिला. तो शिव्या देत गेला आणि दुसऱ्या दिवशी मुकाट परत आला.

त्यांची आणखी एक रीत होती. भट्टीतून ओतलेल्या प्रत्येक खेपेतला एक नग ते घणाने फोडायचे. चांगला, धडधाकट नग. फोडून आतला कण उन्हात धरून बघायचे, मगच बाकीचा माल बाहेर. त्यांचे मोल्डर हसनभाई दर वेळी कपाळाला हात लावत. ज्याने वाळूत साचा भरलेला असतो त्याला ते बघवणार कसं? नाना म्हणत, “हसनभाई, आपन फोडा ते शेडमा फुटी, नही ते घाटमा फुटी.” तरी पुढच्या खेपेला हसनभाईंचा हात पुन्हा कपाळाला जायचा.

मला ते चित्रं काढणारा मास्तर म्हणत. शाळेच्या प्रदर्शनात माझं आंब्याचं चित्र बघून म्हणाले, “तुमना आंबा झकास शे मास्तर, पन त्याले वास नही.” तेव्हा राग आला होता. आता वाटतं, बाकीच्या समीक्षकांपेक्षा नाना बरे.

लष्कराचा आणि त्यांचा संबंध असाच रस्त्यावर जुळला. महायुद्धाच्या वेळचे परदेशी ट्रक आपल्या फौजेच्या वाट्याला आले होते. गाड्या दणकट, पण ज्या कंपनीने त्या बनवल्या तिने ते मॉडेलच बंद केलं. पार्ट मिळेनात. विशेषतः इंजिनाला पाणी फिरवणारा पंप फार मोडायचा. एक ताफा धुळ्याजवळ थांबला होता. त्यातल्या एका गाडीचा पंप गेला. एक कॅप्टनसाहेब बाजारपेठेतली दुकानं पालथी घालून, सगळीकडे मानेची हलवाहलवी बघून शेवटी नानांच्या दारात आले.

“ये पंप है क्या?”

“शे,” नाना म्हणाले.

कॅप्टनसाहेबांना तो शब्द कळेना. मी भिंतीपलीकडून धावत गेलो आणि शब्दाचा अर्थ सांगितला. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी चालू झाली. कॅप्टनसाहेबांनी नानांचा हात हातात घेऊन हलवला, काळ्या तेलासकट. असा माणूस होता तो. त्याच्यामुळेच पुढे लष्कराच्या डेपोकडून नानांना पंपांचं काम मिळालं. डेपोचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, सांगितलं तर माझा तोल जाईल.

पंपाचा लाकडी फर्मा, म्हणजे वाळूत साचा उठवायचा नमुना, नानांनी एका जुन्या सागवानी दाराच्या फळीतून कोरला. त्या फळीत एक गाठ होती. गाठ कडक, तासली जाईना, त्यामुळे तिथे ज्वारीच्या दाण्याएवढा उंचवटा राहिला. फर्म्यावर उंचवटा म्हणजे ओतलेल्या प्रत्येक पंपावर उंचवटा. हसनभाई म्हणाले, दुसरी फळी घेऊ. नानांनी बोट फिरवून पाहिलं. तो उंचवटा पंपाच्या पाठीवर होता, कामात कुठेच आडवा येत नव्हता. “पोरले तीट लावतस ना? तशी ऱ्हाऊ द्या.”

मालावर बनवणाऱ्याची खूण पाहिजे अशी डेपोची अट होती. मी मोठ्या हौसेने दोन इंग्रजी अक्षरं वेलबुट्टीत गुंफून दिली. नानांनी कागद उलटसुलट धरला. “हाई काय किडामुंगी? मास्तर, ‘शे’ लिखा.” मी ठसठशीत देवनागरीत शे काढून दिला आणि त्यांनी तो फर्म्यावर कोरून चढवला. त्या दिवसापासून प्रत्येक पंपाच्या अंगावर शे उमटायला लागला. पहिली गाडी भरून माल गेला आणि मंजूर झाला तेव्हा अक्काने खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या. वाढता वाढता तिने विचारलं, “दोधू, लढाई कोनाशी शे?”

“कोनाशीच नही.”

“मंग येवढा पंप कसाले?”

“लढाई व्हवाले नको म्हनीसन,” नाना म्हणाले आणि चौथी पोळी घेतली. मला वाटतं त्या वर्षी त्या माणसाइतका सुखी माणूस खानदेशात नसेल. आपलं राज्य, आपल्या फौजेची गाडी आणि तिच्या पोटात आपल्या हातचं काम. ते तसं बोलून दाखवत नसत, पण रस्त्याने लष्करी गाडी गेली की लेथ थांबवून दारात येत आणि ती दिसेनाशी होईपर्यंत बघत.

मग कॅप्टनसाहेबांची बदली झाली. नानांचा ठरलेला माल जात राहिला, पण तिकडून नवं काम येणं हळूहळू थांबलं. विचारलं तर उत्तर नाही. शेवटी नाना म्हणाले, जाऊन येऊ. हिंदी-इंग्रजी बोलायला म्हणून मला बरोबर घेतलं. एस.टी.च्या धक्क्यांनी माझी हाडं खिळखिळी झाली. नाना मात्र पिशवीतला एक नवा पंप मांडीवर घेऊन, लग्नाला निघाल्यासारखे बसले होते.

डेपोच्या गोदामात एक तरतरीत भांडारबाबू भेटला. मी नानांची खूण सांगितली, तसा तो हसायलाच लागला. “अच्छा, वो शे वाला माल? वो तो सब शेष में गया.”

आता नीट ऐका, कारण इथून पुढे माझा आवाज चढणार आहे. पूर्वी निकामी मालावर इंग्रजी अक्षर लिहायचे. स्वराज्य आलं, सगळं आपल्या लिपीत करायची हौस आली. उत्तम झालं, माझी ना नाही. या गोदामात निकामी मालाला ‘शेष’ म्हणायचं ठरलं, आणि आखूड करून खडूने लिहायला लागले ‘शे’. नानांचे पंप आले, त्यांच्या अंगावर जन्मजात शे. कॅप्टनसाहेब गेल्यावर आलेल्या या नव्या भांडारबाबूने ते बघितलं आणि सगळे उचलून निकामी ढिगात टाकले. मोजमाप घेतलं नाही, चालवून बघितलं नाही, कुणाला विचारलं नाही. ज्या शब्दाचा अर्थ ‘आहे’, त्याचा अर्थ या दीडशहाण्यांनी ‘उरलेलं’ केला. बरं, चूक एकदा होते. इथे खेपेमागून खेप ढिगात गेली आणि एकालाही वाटलं नाही की एका माणसाचा प्रत्येक नग कसा काय निकामी निघतो.

“त्या ढिगाचं काय झालं?” मी विचारलं.

“लिलाव,” भांडारबाबू म्हणाला. मुंबईच्या एका शेठने सगळा ढीग मोडीत उचलला होता. आणि आता काही अडचण नाही, असंही त्याने आम्हाला समजावलं. आता थेट विलायती पंप मिळतात, मुंबईहूनच येतात. त्याने कौतुकाने फळीवरून एक खोकं काढलं. तेलकट कागद, वर छापील इंग्रजी चिठ्ठी. कागद सोडून त्याने पंप नानांच्या हातात दिला.

नानांनी तो उलटा केला. पाठीवर अंगठा फिरवला आणि अंगठा एका जागी थांबला. ज्वारीच्या दाण्याएवढी तीट. शेजारी जिथे अक्षर असायला हवं होतं तिथे घासून गुळगुळीत केलेला चट्टा. आपल्या पोराच्या अंगावरचं गोंदण कुणी खरवडून काढावं तसं ते दिसत होतं. पिशवीतला आपला पंप काढून नानांनी त्याच्या शेजारी ठेवला. दोन्ही पंप एकमेकांशेजारी बघितल्यावर भांडारबाबूचा चेहरा उतरला आणि तो आम्हाला मेजरसाहेबांकडे घेऊन गेला.

मेजरसाहेब आपल्याकडचेच, छान पुणेरी मराठी बोलणारे. त्यांनी चहा मागवला. दोन्ही पंप बघितले.

“साहेब,” नाना म्हणाले, “शे म्हंजे शेष नही. शे म्हंजे शे.”

“म्हणजे काय?”

“आहे,” मी म्हणालो.

“काय आहे?”

“पंप!” मी ओरडलोच.

साहेब मनापासून हसले. सगळा घोटाळा त्यांना चटकन कळला, तेवढे ते हुशार होते. मला वाटलं, सुटलं प्रकरण. हसू संपल्यावर ते म्हणाले, “मिस्तरी, मी तुमच्यावर विश्वास ठेवतो. पण आमच्या कागदांवर तुमचा माल निकामी म्हणून लागला आहे. आता हे पंप तुमचे आहेत असं मी मान्य केलं, तर निकामी माल फौजेच्या गाड्यांत बसला असं होतं. मग ते मला सगळ्या गाड्यांतून काढून घ्यावे लागतील.”

“पण तो निकामी नव्हताच ना!” मी म्हणालो. “तुमच्या माणसाने अक्षर चुकीचं वाचलं.”

“ती चूक मान्य करायला माझ्यावरचा कुणीतरी तयार पाहिजे,” साहेब शांतपणे म्हणाले. “तो होणार नाही. विलायती म्हणून पंप उत्तम चाललेत. तुमचे म्हणून ते एक दिवस चालणार नाहीत. काय करू, तुम्ही सांगा.”

असा गोड गळा कापणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. चहा तसाच ठेवून मी उठलो होतो. नाना बसून होते. त्यांनी विचारलं, “गाड्या कोठे शेतस?”

“वर गेल्यात. सरहद्दीच्या डोंगरात.”

“चाली ऱ्हायन्यात का?”

“चालतायत.”

नानांनी आपला पंप उचलून पिशवीत घातला. “मंग ऱ्हाऊ द्या. काढू नका.”

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावरच भडकलो. म्हणालो, वर्तमानपत्रात छापू, मंत्र्यांना गाठू, त्या शेठला कोर्टात खेचू. नाना एस.टी.च्या वाटेकडे बघत होते. “मास्तर, डोंगरमा गाडी थांबनी ते तठलं पोरगं काय करी?” एवढंच म्हणाले. मला तेव्हा हे उत्तर पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही. डोंगरातल्या त्या जवान पोराची काळजी गोदामातल्या एकाही साहेबाला नव्हती, मग ती एकट्या नानांनीच का वाहायची?

थोड्याच दिवसांत तो मुंबईचा शेठ स्वतः मोटारीने धुळ्याला आला. मोडीतला माल संपला असणार. मलमलीचं धोतर, बोलणं लोण्यासारखं. लाज वाटायची तर दूरच, त्याने नानांचं तोंडभर कौतुक केलं. असे पंप त्याला कायमचे हवे होते. अट एकच, अंगावर अक्षर नको. “जागा कोरी ठेवा. पुढचं आम्ही बघू.”

मी भिंतीपलीकडून येऊन दारात उभा होतो. हसनभाई वाळू चाळता चाळता थांबले. भट्टी गेले कित्येक दिवस थंड होती. हे सगळ्यांनाच माहीत होतं, शेठलाही. हसनभाई मोठ्याने म्हणाले, “कोरी जागा? ये पंप है के भाड़े की खोली?”

शेठने न ऐकल्यासारखं केलं. “तर मग नाना, पंप आहेत ना?”

नाना लेथवर वाकले होते. ते सरळ झाले, टोपी काढली, कपाळ पुसलं आणि टोपी पुन्हा घातली.

“नही,” ते म्हणाले.

शेठला वाटलं, भाव वाढवतोय. त्याने आणखी काही काही कबूल केलं. नानांनी पुन्हा तेच सांगितलं, आवाज न चढवता. मोटार धूळ उडवत निघून गेली. अक्का आतून बाहेर आली आणि भावाकडे टक लावून बघत राहिली. “आज तुना तोंडमाईन ‘नही’ निंघनं?” तिने विचारलं. नाना पुन्हा लेथवर वाकले. त्या दिवशी ते जेवले नाहीत, एवढं मला आठवतं.

मला अजून त्या शेठपेक्षा मेजरसाहेबांचा जास्त राग येतो. शेठ चोर होता, चोराने चोरी केली. साहेबांना खरं काय ते माहीत होतं आणि त्यांनी ते चहाबरोबर पिऊन टाकलं. पुढे त्यांना बढती मिळाल्याचं ऐकलं. मिळणारच. इकडे वर्कशॉप पुन्हा जिनांच्या दुरुस्तीवर आलं. हसनभाई हंगामापुरते जळगावला जायला लागले. नाना मोटेची चाकं, उसाच्या चरकाचे दाते, जे येईल ते करत. खेपेतला एक नग फोडायची रीत त्यांनी सोडली नाही. लष्करी गाडीचा आवाज आला की मात्र लेथवरून उठत नसत.

वर्षा-दोन वर्षांनी माझी बदली जामनेरला झाली आणि पुढे नाना गेल्याचं मला तिथे, फार उशिरा कळलं. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते धुळ्याहून निघायच्या आदल्या दिवशी. मी सामान बांधत होतो आणि बाहेर गलका झाला. फौजेचा एक ताफा उत्तरेच्या सरहद्दीवरून परतत होता. सबंध रस्ता बघायला लोटला होता, बायका घरातून हार घेऊन धावत होत्या. त्यातला एक ट्रक नेमका आमच्यासमोर थांबला. गाडी बिघडली नव्हती, ड्रायव्हरला नुसतं पाणी भरायचं होतं. पोरगेलासा शीख जवान, अंगावर डोंगराची धूळ. त्याने इंजिनाचं झाकण उघडलं आणि नाना, कुणी न बोलावता, घरातून पाण्याची बादली घेऊन बाहेर आले.

ड्रायव्हरने पाणी ओतलं. नाना वाकून आत बघत होते. पंप तिथे होता, पाठीवर तीच तीट. धुळीने माखलेला, तेलाने काळा झालेला, पण थेंबभरही गळत नव्हता. नानांचा चेहरा मी बघितला. परगावी दिलेली मुलगी फार दिवसांनी दारात उभी दिसावी, तसा तो झाला होता. त्यांचा हात आपोआप पुढे गेला.

“बाबा, दूर से देखो,” ड्रायव्हर म्हणाला. बोलण्यात उर्मटपणा नव्हता, काळजीच होती. “विलायती चीज़ है. इसी ने हमको ज़िंदा वापस लाया. हाथ मत लगाओ.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पुढे झालो, तोंड उघडलं. नानांनी दुसऱ्या हाताने माझं मनगट इतकं आवळून धरलं की मी तोंड मिटलं. त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला आणि धोतराला पुसला.